हलणाऱ्या ब्रिजचे कान

(दृश्य: इलेक्ट्रिक गिटार. व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवणारी दांडी, खाली जातो. तारा लोंबतात.)

बार पार खाली दाबलाय. सहाही तारा सैल पडल्यात, सहावी तर पिकअपला, म्हणजे तारेचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाला, जाऊन चिकटलीय. आता बार सोडला. ट्यूनरकडे बघा. काटा मधोमध, म्हणजे तार सुरात.

लॉकिंग ट्रेमोलोची, म्हणजे तारा आवळून धरणाऱ्या या हलत्या ब्रिजची, सगळी कमाई ही. तार दोन्ही टोकांना आवळलेली असते, मानेकडे लॉकिंग नटमध्ये (मानेच्या टोकाची पट्टी) आणि इकडे सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या तुकड्याच्या, जबड्यात. घसरायला जागाच नाही, त्यामुळे कितीही छळली तरी तार आपल्या सुरावर परत येते. फ्लॉइड रोझ यांना या रचनेचं अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये मिळालं. नट एकदा आवळला की खुंट्या पिळून उपयोग नसतो, म्हणून ब्रिजच्या शेपटीवरचे हे सहा फाइन ट्यूनर पुढे आले. याच ब्रिजवर आज पीझो सॅडल, म्हणजे दाबातून सिग्नल देणारी सॅडल, बसवायचीत.

(दृश्य: टेबलावर सहा पीझो सॅडल, प्रत्येकाला केसासारखी बारीक वायर.)

आणि हे दुसरं पात्र. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार तयार होतो. सॅडलमध्ये क्वार्ट्झ नसतं, बहुधा सिरॅमिकचा बारीकसा तुकडा असतो, पण तत्त्व तेच. तार थरथरते, तुकड्यावरचा दाब कमीजास्त होतो, वायरीत सिग्नल येतो.

मॅग्नेटिक पिकअपला फक्त लोखंडी तारेची हालचाल कळते. पीझोला दाब कळतो, मग तो कुणाचाही असो. तारेचा, तळहाताचा, मागच्या स्प्रिंगचा, सैल झालेल्या बारचा. म्हणूनच त्यातून ॲकॉस्टिकसारखा मोकळा, लाकडाचा आवाज मिळतो. आणि म्हणूनच हलण्यासाठीच बनवलेल्या ब्रिजवर तो बसवणं हे जिकिरीचं काम आहे. काय ऐकवायचं हे पीझो ठरवत नाही, काय ऐकू द्यायचं नाही हे बसवणाऱ्याने ठरवायचं.

(दृश्य: ब्रिजच्या मागे लाकडी ठोकळा सरकवतात. तारा सुटतात.)

तारा काढण्याआधी ब्रिज आहे त्या उंचीवर अडवून ठेवायचा. पोकळीत मापाचा लाकडी ठोकळा आणि एक घडी घातलेलं फडकं पुरतं. न अडवता तारा सोडल्या तर स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढून पोकळीत बसवतात.

मूळ फ्लॉइडवर तार धरणारा लांब स्क्रू ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने सुटतो, आणि सॅडल पाटाला, म्हणजे ब्रिजच्या तळपट्टीला, धरणारा पुढचा स्क्रू २.५ मिलिमीटरच्या. सॅडल काढताना क्रम चुकवायचा नाही. तिन्ही जोड्यांची उंची वेगळी असते. कडेची पहिली आणि सहावी सर्वांत बुटकी, मधली तिसरी-चौथी सर्वांत उंच. फिंगरबोर्डचा बाक या उंचीतूनच जमतो. इथे उंचीचा स्वतंत्र स्क्रू नाही, त्यामुळे अदलाबदल झाली की एक तार खडखडते आणि दोष फ्रेटला दिला जातो.

ग्राफ टेक कंपनीची घोस्ट मालिका फ्लॉइडसाठी अशी पीझो सॅडल बनवते. मात्र ब्रिजच्या नावात फ्लॉइड आहे म्हणून ती बसतीलच असं नाही. परवान्याखाली बनलेल्या ब्रिजांची मापं वेगवेगळी असतात. आधी कॅलिपर, मग खरेदी.

(दृश्य: अगदी जवळून. चिमट्याने वायर पाटाखाली उतरवतात.)

आता इथे थांबू, कारण बिघडतं ते बहुतेक इथेच.

वायर सॅडलच्या पोटातून निघते आणि पाटाच्या फटीतून खाली जाते. सॅडल पाटावर पुन्हा आवळताना ती खाली चिमटली, तर आतला गाभा बाहेरच्या जाळीला टेकतो आणि त्या सॅडलचा सिग्नल मरतो. पुढे इंटोनेशनसाठी (मानेवर सगळीकडे सूर बरोबर यावा म्हणून) सॅडल अर्धा-एक मिलिमीटर सरकवावं लागतं, तेव्हाही हेच होऊ शकतं. त्यामुळे प्रत्येक सॅडल आवळलं की लगेच मल्टिमीटर लावायचा. चांगल्या क्रिस्टलवर (तोच सिरॅमिकचा तुकडा) ओहमचा आकडा यायलाच नको, मीटर सर्किट उघडं दाखवतो. शून्याच्या आसपास आकडा आला की वायर चिमटली. हे सहा वेळा करायचं. सगळं जोडून झाल्यावर कळलं, तर सगळं पुन्हा खोलायचं.

(दृश्य: गिटार पालथी. कुणीतरी बार वर-खाली करतंय, ब्लॉक झुलतोय.)

ब्लॉककडे, म्हणजे ब्रिजखाली लोंबणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे, बघा. बार दाबला की त्याचं खालचं टोक गिटारच्या शेपटीकडे जातं. वर ओढला की मानेकडच्या भिंतीवर येतं. सर्वांत जास्त फिरतं ते हे टोक, आणि सर्वांत कमी हलतो तो वरचा भाग, जिथे ब्रिजची धार दोन खुंटांवर टेकलेली आहे. म्हणून वायरींची जुडी ब्लॉकवरून खालपर्यंत न्यायची नाही. धारेच्या जवळून, वरच्या वर, कडेला काढायची. तिथे ती जवळपास हलतच नाही. मानेकडच्या भिंतीवर चिकटवली तर बार वर ओढल्याबरोबर ब्लॉक ती चिरडतो.

बोटाएवढी ढील ठेवायची, तीही लोंबणारी नाही. ताणलेली वायर सोल्डरच्या टाक्यापाशी तुटते. लोंबणारी वायर ब्लॉकवर घासते, आणि घासण्याचा आवाज पीझोच्या वायरीत थेट उतरतो. या बारीक वायरी स्वतःच मायक्रोफोनसारख्या वागतात. फोमच्या तुकड्याने जुडी धरून ठेवली की प्रश्न मिटतो. मागचं झाकण न लावता बार दोन्हीकडे शेवटपर्यंत दहा वेळा फिरवायचा आणि वायरीवर नजर ठेवायची.

(दृश्य: लांब ड्रिल बिट पोकळीतून कंट्रोल कॅव्हिटीकडे (नॉब आणि वायरिंगची पोकळी) जातं. भुसा पडतो.)

दोन पोकळ्यांमध्ये ४ मिलिमीटरचं भोक पुरतं. बिट किती आत गेलं ते कळावं म्हणून त्यावर टेपची खूण. हे भोक परत बुजत नाही.

वायर लांब असली तर कापायची ती प्रीअँपच्या, म्हणजे पीझोचा सिग्नल सावरणाऱ्या छोट्या बोर्डच्या, टोकाला. सॅडलच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न न्यायचंच नाही. जास्त तापलं की क्रिस्टलचं ध्रुवीकरण उतरतं, आणि मग दिसायला ठणठणीत असलेलं सॅडल आवाजाला मेलेलं असतं.

(दृश्य: प्रीअँपचं छोटं बोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी.)

बोर्ड कशाला हवं? थोडं गणित. एका क्रिस्टलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरॅड धरू. सहाही समांतर जोडले की ३ नॅनोफॅरॅड. हे थेट मॅग्नेटिकच्या २५० किलोओहम पॉटवर (आवाजाच्या नॉबवर) दिलं, तर साधारण २१२ हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. सहावी मोकळी तार आहे ८२ हर्ट्झवर. म्हणजे तिचा पायाच गेला. पीझो पातळ, काचेसारखा वाजतो अशी तक्रार असते, तेव्हा निम्म्या वेळा कारण हे असतं. बिचारं सॅडल निर्दोष असतं.

तेच बफरच्या, म्हणजे सिग्नलवर भार न टाकणाऱ्या प्रीअँपच्या, १ मेगाओहम इनपुटवर दिलं की ही गळतीची सीमा ५३ हर्ट्झवर येते. सहावी तार पूर्ण ऐकू येते.

मग १० मेगाओहम का नको? स्थिर ब्रिजवर हरकत नाही. इथे आहे. १० मेगाओहमला सीमा ५ हर्ट्झच्या आसपास उतरते, आणि बार दाबताना तारांचा ताण जो हळूहळू सुटतो, तो दाबातला बदलही सिग्नल म्हणून आत येतो. बार झटक्यात सोडला की स्पीकरचा पडदा पुढे फेकला जातो.

(दृश्य: बार सुटतो. वूफरचा पडदा दचकतो.)

हा तो धपका. उपाय इनपुटलाच करायचा, १ ते २ मेगाओहमवर थांबायचं आणि पुढे ६० हर्ट्झच्या आसपास लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) ठेवायचा. ट्रेमोलोच्या गिटारवर जास्त मेगाओहम म्हणजे जास्त चांगलं, हे सूत्र चालत नाही. प्रत्येक तारेला वेगळा बफर असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथे एकट्या ५०० पिकोफॅरॅडला १ मेगाओहम दिलं तर सीमा ३१८ हर्ट्झवर जाते, म्हणून इनपुट ५ मेगाओहमच्या घरात लागतं.

(दृश्य: जॅकवर तीन वायरी जोडतात.)

मॅग्नेटिक आणि बफरचं आउटपुट एकाच बिंदूवर थेट बांधू नका. बफरचा कमी इम्पिडन्स (विद्युत अडथळा) मॅग्नेटिकला दाबून टाकतो, त्याचे तीव्र स्वर बुजतात. एक तर दोन्ही बफर करून मिसळा, नाहीतर दोन वाटा वेगळ्याच ठेवा. स्टिरिओ जॅकच्या टोकावर मॅग्नेटिक, रिंगवर (मधल्या कड्यावर) पीझो. मॅग्नेटिक गिटार ॲम्पकडे, पीझो थेट पीएकडे (सभागृहाच्या ध्वनियंत्रणेकडे). गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर मिटतो आणि पीझोची निम्मी मजा त्याच्याही वर असते.

एक गोम आहे. साध्या प्रीअँपमध्ये बॅटरीची ऋण वायर याच रिंगवर असते, मोनो प्लग आत गेला की बॅटरी चालू होते. रिंग पीझोला दिली की हा स्विच गेला. मग वेगळा संपर्क असलेला जॅक, नाहीतर छोटा टॉगल.

(दृश्य: स्प्रिंगच्या पोटात फोम सरकवतात.)

ॲम्प लावून मागच्या स्प्रिंगवर नख मारा. मॅग्नेटिकवर पुसट. पीझोवर अख्खी खोली वाजते. स्प्रिंगच्या आत फोम भरला किंवा वरून श्रिंक ट्यूब चढवली की ती गप्प होते. बार त्याच्या कॉलरमध्ये ढिला असेल तर दर हालचालीला टक् ऐकू येतं, कॉलर घट्ट करा.

(दृश्य: प्लेक्ट्रमने एकेक सॅडलवर टिचकी.)

तारा चढल्या. जबड्यातला छोटा ठोकळा बेताने आवळायचा, जोर लावला तर तो तडकतो. तारा ताणून, पुन्हा सुरात लावून, फाइन ट्यूनर मधोमध आणून, नट सर्वांत शेवटी. मग प्रत्येक सॅडलवर सारख्या जोराची टिचकी. आवाजाच्या पातळीचा मीटर बघा, चौथी तार मागे पडलीय. क्रिस्टल खराब असेल असं वाटतं, पण आधी सॅडलचा २.५ चा स्क्रू बघायचा. इथे तो पाव फेरी सैल निघाला. आवळल्यावर चौथी बाकीच्यांच्या रांगेत आली.

शेवटी फेज, म्हणजे दोन्ही सिग्नल एकाच दिशेने हलतात का ते. दोन्ही आवाज एकत्र केल्यावर खर्ज भरायला हवा. पोकळ झाला तर मॅग्नेटिकच्या दोन वायरी उलटवा, मात्र त्याचं धातूचं कवच गाभ्याच्या वायरीला जोडलेलं नाही ना ते आधी बघून. पीझोची जाळी ग्राउंडलाच राहिली पाहिजे, तिला हात लावायचा नाही.

(दृश्य: सहावी मोकळी तार. आधी मॅग्नेटिक, मग पीझो, मग दोन्ही. बार हळूहळू खाली जातो. निवेदन नाही.)