वजनाची वही आणि दातांची यादी

अध्यक्ष महोदय, शिक्षक मित्रहो आणि पालकहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘शाळकरी मुलांचं वजन आणि दातांची कीड’. तो वाचून तुमच्यातल्या निम्म्यांनी उत्तर मनाशी धरूनच खुर्ची पकडली असणार. गोड खाल्लं की दात किडतात, गोड खाल्लं की मूल जाड होतं, म्हणजे जाड मुलाचे दात किडके. संपलं व्याख्यान, चहा आणा! इतकं सरळ असतं तर मी आलोच नसतो. हाडकुळ्या मुलांच्या तोंडातही किडक्या दाढा ओळीने दिसतात, आणि एखाद्या गुबगुबीत मुलाचे दात लख्ख निघतात. हे कसं, ते सांगायचंय. पण आधी माझी जुनी तक्रार ऐकून घ्या. ती ऐकवल्याशिवाय मी विषयाला हात घालत नाही, हे आयोजकांना ठाऊक होतं. तरी त्यांनी बोलावलं, म्हणजे जबाबदारी त्यांची.

शाळेत मुलांची उंची-वजनं घेतात, दातही तपासतात. पण वजन घेणारा एक आणि दात बघणारा दुसरा. दोघे वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि दोन वेगळ्या कागदांवर लिहून जातात. एका शाळेत मी हे दोन्ही कागद मागितले. वजनाच्या वहीत मुलं आडनावांच्या क्रमाने लावलेली. दातांच्या यादीत नुसते हजेरी क्रमांक, तेही मागच्या इयत्तेतले. ‘सोनू’ नावाचं एक मूल दोन्हीकडे होतं, म्हणून मला केवढा आनंद झाला. तर ते दोन वेगवेगळे सोनू निघाले! शेरे बघा: ‘वजन कमी, पौष्टिक आहार द्यावा’ आणि ‘दात खराब, नीट घासावेत’. हे दोन्ही शेरे एकाच मुलाचे असतील, तर दुखऱ्या दाढेने त्याने तो पौष्टिक आहार चावायचा कसा, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? वही एका कपाटात आणि यादी दुसऱ्यात. दुसऱ्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर.

बरं, जन्मतारीख दोन्हीकडे नाही. ती नसेल तर मुलाचा बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीवरून येणारा आकडा, काढून उपयोग काय? मोठ्या माणसाचा आकडा पाहिला की अंदाज येतो. मुलाचं तसं नसतं. सहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय १८ आला तर ते वयाच्या मानाने जड. पंधराव्या वर्षी तोच १८ अगदी ठाकठीक. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ५ ते १९ वयासाठी मुलगे आणि मुली यांचे वेगळे तक्ते काढले. (आता थोडं विषयांतर. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाची, एकोणिसाव्या शतकातली. तो डॉक्टर नव्हता, खगोलाचा अभ्यासक होता, ‘सरासरी माणूस’ शोधत होता. बीएमआय हे नाव रुळलं ते १९७२ नंतर, अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञामुळे. आपण मात्र त्यावरून शेजाऱ्याच्या मुलाला नावं ठेवतो.)

दातांच्या आकड्याचीही गंमत आहे. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात मोजून बेरीज करायची, ही पद्धत १९३८ पासून चालत आलीय. म्हणजे वेळेवर दात भरून घेतलेलं मूल आणि पोकळ्या तशाच घेऊन फिरणारं मूल, दोघांना गुण सारखे! शिवाय सहा ते बारा या वयात तोंडात निम्मे दुधाचे, निम्मे पक्के दात. किडका दुधाचा दात पडला की मुलाची प्रकृती कागदावर आपोआप सुधारते. जास्त वजनाच्या मुलांचे पक्के दात सहसा थोडे लवकर येतात, म्हणजे किडायला त्यांना जास्त काळ मिळतो. आणि ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ म्हणणाऱ्या पालकांनो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात. इतकी वर्षं मुलाने ठणका सोसायचा?

आता माझी आवडती गोष्ट. म्हटलं तर संतापाची. स्वीडनमध्ये लुंडजवळ विपेहोल्म नावाची संस्था होती, मतिमंद रुग्णांची. तिथे १९४० च्या दशकात रुग्णांना मुद्दाम गोड खायला घालून दात किती किडतात ते पाहिलं. त्यासाठी दातांना चिकटून बसणाऱ्या खास टॉफ्या बनवून घेतल्या. एका गटाला दिवसाला २४ टॉफ्या! खर्चात मिठाईवाल्या उद्योगाचाही वाटा होता. रुग्णांची संमती? तो प्रश्नच कुणाला पडला नाही. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. पण निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले आणि ते आजही टिकून आहेत. जेवणासोबत साखर दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. तीच साखर चिकट रूपात, दोन जेवणांच्या मधे, पुन्हा पुन्हा दिली तेव्हा दात धडाधड गेले. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. सामू (आम्लता मोजणारा आकडा, म्हणजे पीएच; आम्ल वाढलं की तो उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातले, क्षार विरघळू लागतात. लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास हवा. त्याआधीच पुढची टॉफी आली, तर लाळ बिचारी काय करणार?

इथेच सगळी मेख आहे. वजन बघतं दिवसभरात एकूण किती उष्मांक गेले. दात बघतात किती वेळा गेले. एक मूल जेवणातच भरपूर खाऊन जड होईल, त्याचे दात शाबूत राहतील. दुसरं दिवसभर एकच गोळी चघळत बसेल; वजन जागचं हलणार नाही, दात मात्र...

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. मूळ मुद्दा आत्ताच सुरू झाला होता, असो. भराभर सांगतो.

वजन आणि कीड यांच्यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत जाड मुलांत कीड जास्त, काहींत बारीक मुलांत जास्त, काहींत संबंधच नाही. माझ्या मते यात गोंधळ नाही. दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली वाट गोड पेयांची: साखर पोटातही जाते आणि तोंडातही रेंगाळते, म्हणून वजन आणि कीड बरोबरीने वाढतात. साध्या गोड पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोकळ्या साखरेची (म्हणजे वरून घातलेली, आणि मध, फळांचा रस यांतली) मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवली, ती वजन आणि दात दोन्हींचे पुरावे बघूनच. दुसरी वाट उलटी. कीड दाढेच्या गाभ्यापर्यंत गेली, गळू झालं, की मूल चावायचं टाळतं, रात्री झोपत नाही, शरीरात सूज धुमसत राहते आणि वजन मागे पडतं. फिलिपिन्समधल्या बारा वर्षांच्या मुलांत दातांतला जंतुसंसर्ग आणि कमी बीएमआय एकत्र आढळले. म्हणजे एकीकडे साखर दोन्ही बिघडवते, दुसरीकडे दातच वजन खातो. दोन्ही वाटांची मुलं एका सरासरीत ढकललीत तर संबंध दिसणार कसा? त्यात गरिबी, पालकांचं शिक्षण, फ्लोराइडची पेस्ट मिळते की नाही, हे दोन्हींच्या मागे उभंच असतं.

म्हणून माझं मागणं एवढंच, की दोन्ही नोंदी एका कागदावर, एकाच दिवशी घ्या. वर जन्मतारीख लिहा. किडलेले आणि भरलेले दात वेगळे मोजा. गळू असेल तर त्याचा रकाना स्वतंत्र ठेवा. कमी वजनाचं मूल दिसलं की टॉनिक लिहिण्याआधी त्याला तोंड उघडायला सांगा. जास्त वजनाच्या मुलाला सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचू नका. ‘किती खातोस’ यापेक्षा ‘किती वेळा, आणि झोपायच्या आधी काय पितोस’ हे एकांतात विचारा. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री ब्रश केल्यावर फक्त पाणी. पेस्ट थुंकून टाका, खळखळून चुळा भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या. सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ सगळ्यात मागे, कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे पालकांना ती दुधाचीच वाटते. तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दातांवर लावायच्या संरक्षक लेपाने, बुजवता येतात. ते कधी आणि कसं, हे प्रश्नोत्तरांत विचारा. अध्यक्ष उठून उभे राहिलेत.