घोडे किती, आणि मैदान कुठे?

(दृश्य: कुर्ला पश्चिम, सीएसटी रोड. दुकानाबाहेर जुन्या टायरमध्ये बसवलेलं एक इंजिन.)

हेडच्या झाकणावर खडूने आकडा लिहिलाय: 120 बीएचपी. बीएचपी म्हणजे ब्रेक हॉर्सपॉवर, इंजिनाचे घोडे.

इंजिन मारुती जिप्सीचं आहे. 1298 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. कंपनीतून निघालं तेव्हा त्याची ताकद होती 80 बीएचपी, 6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेरे घेताना. जिप्सी 2019 मध्ये बंद झाली, पण तिच्यावर जीव टाकणारे बंद झाले नाहीत. रॅलीवाले, सह्याद्रीतल्या चिखलात गाडी घालणारे, सगळे अजून तिचे सुटे भाग शोधत फिरतात. म्हणून अशा इंजिनाला गिऱ्हाईक मिळतं.

दुकानदाराचं म्हणणं ऐका. "भाऊ, कॅम टाकलाय, पोर्टिंग केलंय, बोअर पण वाढवलाय. रॅलीच्या गाडीचं आहे. पिकअप बघाल तर वेडे व्हाल."

कॅम म्हणजे व्हॉल्व्हची उघडमीट करणारा दांडा, पोर्टिंग म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. थोडक्यात, 80 घोड्यांचे 120 झाले. दीडपट.

(दृश्य: सिमेंटची पोती खांद्यावर घेऊन माणसं जिना चढतायत.)

घोडा म्हणजे नेमकं किती? 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायचं, हा झाला एक मेट्रिक घोडा. सिमेंटची दीड पोती, एक सेकंद, कंबरेएवढी उंची. जेम्स वॉटने वाफेची इंजिनं विकताना जो घोडा मोजला, तो याच्यापेक्षा जरासा दांडगा: 746 वॅट. गिऱ्हाइकाला पटावं म्हणूनच हे माप जन्माला आलं. तेव्हा घोडे मोजणं आणि माल विकणं यांची सोयरीक जुनीच आहे.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीने आकडेमोड.)

आता त्या खडूच्या आकड्याकडे येऊ. पहिला प्रश्न एकच विचारायचा: "किती आरपीएमला?"

बहुतेक वेळा इथेच शांतता पसरते. कारण घोडे एकटे नसतात. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा, 7121 ने भागा. आले बीएचपी. मूळ जिप्सीचा हिशेब उलटा मांडला, तर 6000 आरपीएमला सुमारे 95 न्यूटन-मीटर निघतात. इंजिन 1.3 लीटरचं, म्हणजे लीटरमागे 73.

दुकानदार थोडा विचार करून सांगतो, "साडेसहा हजारला." ठीक. 120 गुणिले 7121, भागिले 6500. उत्तर येतं 131 च्या वर. लीटरमागे 101.

पेट्रोल इंजिन म्हणजे लोहाराचा भाता. जेवढी हवा ओढेल, तेवढंच पेट्रोल जाळेल. लीटरमागचा टॉर्क म्हणजे तो भाता किती भरला याचं माप. चांगल्या आधुनिक बिनटर्बो (हवा दाबून भरणारा टर्बो नसलेल्या) इंजिनांचा सगळ्यात जास्त टॉर्क लीटरमागे 100 च्या आसपास असतो, आणि तोही मधल्या आरपीएमला. इथे जुन्या जिप्सीचं इंजिन साडेसहा हजारला, जिथे भात्याला धाप लागते तिथे, तेवढं भरतंय म्हणे.

एक पळवाट आहे. आरपीएम वाढवायचे. 8000 ला 120 घोडे हवे असतील तर लीटरमागे 82 पुरतात, आणि ते जमण्यासारखं आहे. पण मग व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणत्या टाकल्या, कनेक्टिंग रॉड कुठले, त्यांचे बोल्ट कुठले, हे दुकानदाराला ठाऊक हवं. शिवाय एवढा तिखट कॅम खालच्या आरपीएमचा जीव काढून घेतो. गुडघाभर चिखलात, पहिल्या गिअरमध्ये, 8000 आरपीएमची ताकद कुणाला हवी आहे? माझ्या मते ऑफरोडसाठी असं इंजिन घेणं म्हणजे पैसे देऊन गाडी बिघडवणं.

(दृश्य: पिस्टन, व्हर्नियर कॅलिपर.)

आणि हे "बोअर वाढवलाय" प्रकरण. मूळ बोअर 74 मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकले तर इंजिन वाढतं साधारण 18 सीसीने. घोडा मिळतो एक, फार तर दीड. रीबोअर हे झिजलेल्या सिलिंडरवरचं औषध आहे.

(दृश्य: डायनोच्या रोलरवर जिप्सीची मागची चाकं फिरतायत.)

"आमच्याकडे डायनोचा कागद आहे," असं कुणी म्हटलं की गिऱ्हाईक विरघळतं. डायनो म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणारं मशीन. त्याचा कागद वाचायचा कसा, ते एका नमुन्यावर बघू.

वर ठळक अक्षरांत 117. दुकानात त्याचे 120 झाले, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरांत तीन गोष्टी. चाकावर मोजलेली ताकद 72. करेक्शन फॅक्टर 1.14. ट्रान्समिशन लॉस 30 टक्के.

यातली मोजलेली गोष्ट एकच, 72. बाकीचे घोडे गणिताने जन्मलेत: 72 गुणिले 1.14, भागिले 0.70.

करेक्शन फॅक्टर मुळात प्रामाणिक कल्पना आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, तिथली हवा मुंबईपेक्षा विरळ. तेच इंजिन खंडाळ्याचा घाट चढून गेलं की पाच-सहा टक्के मंदावतं. म्हणून पुण्यातला आकडा थोडा वर न्यावा लागतो. कडक उन्हात फॅक्टर 1.10 च्या जवळ येऊ शकतो. पण तापमान मोजणारा सेन्सर तापलेल्या रेडिएटरपाशी ठेवला, की मशीनला वाटतं खोलीतच 55 अंश आहेत. फॅक्टर 1.14 पार जातो. पान्याला हात न लावता तीन-चार घोडे वाढले! टर्बो इंजिनात तर हा फॅक्टर पूर्ण लावणंच चुकीचं, कारण विरळ हवेची बरीचशी भरपाई टर्बो आधीच करून बसलेला असतो.

आणि ते 30 टक्के? गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, डिफरन्शियल थोडी ताकद खातात, हे खरं. पण नेमकी किती, ते रोलर सांगत नाही. तो आकडा माणूस टाईप करतो. इथे 1.10 आणि 18 टक्के धरले तर उत्तर 96 च्या आसपास येतं. 80 वरून 96. एका कॅमचं आणि नीट केलेल्या हेडचं हे चांगलं काम झालं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते 120 नव्हे.

(दृश्य: पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी इंजिनापर्यंत ओढली जाते.)

जमिनीवर पडलेल्या इंजिनाची ताकद मोजता येत नाही. तब्येत मात्र मोजता येते. तिखट कॅम असेल तर नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर, म्हणजे सिलिंडरात दाब किती बनतो त्यावर, जाऊ नका. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे धडधाकट इंजिनही कमी दाखवतं. लीकडाउन टेस्ट बरी, म्हणजे हवेची गळती मोजणं. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून हवा सोडायची, किती टक्के गळते ते बघायचं. दहाच्या आत असेल तर छान. विसाच्या वर गेली तर कान लावा. तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा, सायलेन्सरच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही बघा. 120 बीएचपी म्हणजे पूर्ण जोरात तासाला 36 लीटरच्या आसपास पेट्रोल. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला 150 सीसी, आणि थोडी सवड धरून प्रत्येक इंजेक्टर किमान 190 सीसीचा हवा. त्यावरचा नंबर टिपून घ्या आणि क्षमता शोधा.

(दृश्य: ब्लॉकवरचा इंजिन नंबर, फडक्याने पुसलेला.)

शेवटी हा नंबर. आरसी बुकावर तो असतो, आणि इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. नंबर घासलेला असेल तर हात न लावता निघायचं.

इथे नंबर स्वच्छ आहे. चारपैकी तीन सिलिंडर आठ टक्क्यांच्या आत. उरलेल्या एकाची, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरची, गळती सतरा टक्के, आवाज रिंगांकडून.

दुकानदार कॅमचं बिल शोधायला आत गेलाय.