यंत्राला ट्रक ऐकू येतो

(ठाण्यात नौपाड्यातील एका व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, तुमच्यातले बरेच जण ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांत दिवसभर स्क्रीनसमोर बसतात, असं आयोजक म्हणाले. बरंच झालं. विषय एवढाच: बलाढ्य फौजांना साधी माणसं कशी चकवतात. मग प्रस्तावना सोडतो आणि थेट नाखोन फनोमला जातो.

हे थायलंडमधलं गाव. मेकाँगच्या काठावर वसलेलं, समोर लाओस. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९६८च्या सुमारास, अमेरिकी हवाई दलाने तिथे आयबीएमचे मोठाले संगणक आणून बसवले. पलीकडच्या जंगलातून हो ची मिन्ह मार्ग जात होता, उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेला नेणारा. त्या मार्गावर विमानांतून हजारो सेन्सर टाकले. काही जमिनीत रुतायचे, वर राहिलेली अँटेना रानातल्या झुडपासारखी दिसायची. ट्रक गेला की जमीन थरथरणार, संदेश आकाशातल्या विमानाकडे, तिथून संगणकाकडे, आणि मग बॉम्बफेक. या कारभाराचं नाव ‘इग्लू व्हाइट’. आजही कुणी याचं प्रेझेंटेशन दिलं तर टाळ्या पडतील.

आता घोडबंदर रोडच्या कडेला असा एक सेन्सर पुरून बघा. रात्री ट्रक गेला हे त्याला कळेल. पण भरलेला की रिकामा? बॉम्ब पडल्यावर इंजिनाचा आवाज थांबला, तो ट्रक उडाला म्हणून की ड्रायव्हरने चावी फिरवली म्हणून? यंत्र ‘थांबला’ एवढंच सांगतं. ‘उडाला’ हे वर कुणीतरी लिहितं, आणि त्यावर कुणाची तरी बढती ठरते.

झालंही तसंच. उडवलेल्या ट्रकांची बेरीज उत्तर व्हिएतनामकडे एकूण जितके ट्रक असावेत असा अंदाज होता, त्याच्याही पुढे गेली. सकाळी टेहळणीच्या फोटोंत सांगाडे दिसेनात. मग वैमानिकच थट्टेने म्हणायला लागले, लाओसमध्ये एक ट्रकखाऊ राक्षस आहे, रात्रीतून सगळं गिळतो.

सेन्सरला जे ऐकू येत नव्हतं, ते फावड्यांचं काम होतं. उत्तर व्हिएतनामच्या तरुण पोरी, कित्येक विशीच्याही आतल्या, रात्री येऊन खड्डे बुजवत. एक वाट उडाली की बाजूने दुसरी. काही पूल तर पाण्याच्या पातळीखाली बांधले, वरून नुसती नदीच दिसावी म्हणून. अमोनिया हुंगून माणसं शोधणारं यंत्र आलं, तेव्हा या लोकांनी झाडांना लघवीच्या बादल्या टांगल्या.

पण नुसत्या जिद्दीवर युद्ध जिंकता येतं, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते ट्रक बरेचसे रशिया-चीनकडून आलेले. १९७२ साली त्याच मार्गाने पुरवठा झालेली फौज शेकडो रणगाडे घेऊन उघड्यावर लढायला उतरली, तेव्हा विमानांनी तिला सडकून काढलं. यंत्र निकामी नव्हतंच. समोर यंत्रासारखंच सैन्य आलं, की त्याला काम सापडायचं. आणि किंमत? एकट्या लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. न फुटलेले अजून शेतांत आहेत.

येताना एकाने विचारलं, औरंगजेब घेणार नाही का? घेतो, पण थोडक्यात. शेवटच्या मोहिमेत त्याने एकामागून एक किल्ले घेतले. त्यातले कित्येक तोफांनी नव्हे, पैसे मोजून मिळाले. छावणी पुढे सरकली की मराठे मागून परत घ्यायचे. १७०७ साली तो नगरला वारला, दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘ड्रोनच्या काळात हे लागू पडतं का?’

२००९ साली उघड झालं, की इराकमधल्या बंडखोरांच्या लॅपटॉपवर अमेरिकी प्रिडेटर ड्रोनचं व्हिडिओ चित्रण सापडलं. ड्रोन लाखो डॉलरचा, आणि चित्रण पकडणारं सॉफ्टवेअर इंटरनेटवर २६ डॉलरला मिळणारं. चित्रण सांकेतिक केलेलंच नव्हतं. ही उणीव लष्कराला नव्वदच्या दशकापासून, बोस्नियापासून ठाऊक होती. तिथल्या लोकांना ते जमणार नाही, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.