तळ्याचा काठ ढासळतो तेव्हा

(दृश्य: मे महिना. पाणी उतरलेलं तळं. काठावरच्या माडाची उघडी पडलेली मुळं.)

काठाचं खरं दुखणं दिसतं ते मे महिन्यात. वर कडक जांभा आणि त्याखाली पांढरट-गुलाबी, मऊ चिकणमाती. लाटांचा मारा या मऊ थरावर बसतो. तो आत पोखरला गेला की वरचा जांभा छज्जासारखा अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसात माडासकट तळ्यात बसतो.

कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं १५३० सालचं. शेती-बागायतीला पाणी देणाऱ्या अशा तळ्यांची पातळी दरवर्षी चढते आणि उतरते. ती झपाट्याने उतरली की काठाच्या पोटात मुरलेलं पाणी मागे अडकतं, समोरचा आधार गेलेला असतो आणि उतार घसरतो. सिमेंटची सलग भिंत इथे फसते ती यामुळेच. आतल्या पाण्याला वाट न मिळाल्याने भिंत आधी पोट काढते, मग आडवी होते.

(दृश्य: पायथ्याशी खणलेला चर. रेती, खडी, दगड.)

म्हणून काम पायथ्यापासून, पाणी सर्वांत खाली असताना. अर्धा मीटर खोल चर खणा. मातीला लागून १० सेंटिमीटर रेती, त्यावर १५ सेंटिमीटर खडी आणि मग पंचवीस-तीस किलोचे काळे दगड. रेती वगळली तर फटींतून माती धुऊन जाते आणि दगड खचतात. वरून काहीच दिसत नाही, म्हणून कंटाळा नेमका इथेच केला जातो. दगड ओतू नका. गडगा, म्हणजे कोरड्या दगडांचं कुंपण, घालतात तसे एकमेकांत अडकवून रचा, पण सांधे सिमेंटने भरू नका. पावसाळ्यात पाणी चढतं तिथवर ही रचना न्या.

वरचा उभा कडा तासून एकास दोन उतार करा, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा. सैल भराव घालून उतार करू नका, तो पहिल्याच पावसात जातो. काठापासून दोन मीटर मागे चर काढून वरचं पाणी एकाच दगडी पाटातून खाली उतरवा.

(दृश्य: काथ्याची जाळी अंथरताना.)

तासलेल्या उतारावर काथ्याची जाळी, चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची. वरची कड ३० सेंटिमीटर खोल गाडा, दोन पट्ट्या १५ सेंटिमीटर एकमेकींवर चढवा, दर मीटरला बांबूची खुंटी ठोका. जाळीखाली पोकळी राहिली तर पाणी तिथूनच ओघळ पाडतं.

जाळी दोन-तीन वर्षांत कुजते. तोवर वाळ्याने, म्हणजे खस गवताने, जमीन धरायला हवी. पाऊस स्थिरावला की दोन-तीन फुटव्यांचे ठोंब, पानं २० सेंटिमीटरवर छाटून, १० ते १५ सेंटिमीटर अंतराने लावा. उंचीत दर मीटरला एक ओळ. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने ओळ समपातळीत आखा. ती तिरकी गेली तर पाणी खालच्या टोकाला साचून काठ तिथेच फोडतं. कोवळा वाळा गुरं खातात, म्हणून पहिल्या वर्षी कुंपण हवंच. आणि गुरांना पाण्यावर उतरायला वेगळा दगडी उतार ठेवा, नाहीतर कुंपण टिकणार नाही.

नैसर्गिक काठावर वरच्या अंगाला निर्गुडी, करंज चालतात. तळ्याच्या मातीच्या बांधावर मात्र झाड नको. मुळं कुजली की त्या पोकळीतून पाझर सुरू होतो.

ऑक्टोबरमध्ये मेलेले ठोंब बदला, खचलेले दगड उचलून खालची रेती-खडी पुन्हा भरा.