निकाल लागला का हो?

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं मी लोकांच्या कराच्या फायली सांभाळल्या. त्या काळात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कोणतं, तर "निकाल लागला का हो?" लग्नात पंगतीला शेजारी बसलेला माणूस जिलबीचं ताट सरकवत तेच विचारायचा. अपिलात अडकलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. पण त्याचं निदान फायलीवर नाव तरी असतं. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. तरी ते पन्नास हजार लोक दोन वर्षं हाच प्रश्न विचारत होते.

हे लोक स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या रेंजर्स फुटबॉल क्लबचे चाहते. क्लब १८७२ सालचा, मैदान इब्रॉक्स, जर्सी निळी. २०११ पर्यंत देशाचं विजेतेपद ५४ वेळा जिंकलेलं. शहराच्या दुसऱ्या बाजूला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सेल्टिक. या दोघांचं वैर मी कोल्हापूरच्या श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉल सामन्याला ज्यांनी शाहू स्टेडियमची कट्ट्यावरची जागा धरली आहे, त्यांना कळलंच. फक्त ग्लासगोत त्यात धर्मही मिसळलेला आहे, म्हणजे आणखी कडवट.

तर खटला. स्कॉटलंडमध्ये त्याला सगळे 'बिग टॅक्स केस' म्हणत. क्लबचे मालक सर डेव्हिड मरे. २००१ ते २०१० या काळात त्यांच्या समूहाने खेळाडूंना आणि वरच्या मंडळींना पैसे देण्याची एक वेगळी वाट काढली होती. समजा, खेळाडूला दहा लाख पौंड द्यायचे आहेत. पगार म्हणून दिले तर वरच्या टप्प्यातला कर ४० टक्के, शिवाय विम्याची वर्गणी. मग असं करायचं, की पैसे खेळाडूला द्यायचेच नाहीत. ते एका ट्रस्टला द्यायचे. ट्रस्टने त्या खेळाडूच्या नावाने एक पोटट्रस्ट करायचा. आणि पोटट्रस्टने खेळाडूला कर्ज द्यायचं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे कर नाही. ते फेडायचं कधी? तर माणूस जिवंत असेपर्यंत कुणी मागायला येणार नाही अशी व्यवस्था.

आमच्या धंद्यात असं काही पाहिलं की आधी कौतुक वाटतं आणि मग पोटात गोळा येतो. कारण हातउसने दिलेले पैसे आणि पगार यांतला फरक वाण्याच्या पोरालाही कळतो. शिवाय खेळाडूचा नेहमीचा करार फुटबॉल संघटनेकडे नोंदवलेला, आणि या ट्रस्टबद्दलचं पत्र मात्र वेगळं, कुणाला न दाखवलेलं. ही 'बाजूची पत्रं' पुढे क्लबला फार महागात पडली. या वाटेने दिलेली एकूण रक्कम ४ कोटी ७० लाख पौंडांच्या वर. करखातं म्हणालं, हा पगारच आहे, कर भरा, व्याज भरा, दंड भरा. समूह अपिलात गेला.

सुनावणी ऑक्टोबर २०१० मध्ये एडिनबरात, तिघांच्या कर न्यायाधिकरणापुढे सुरू झाली, तीही बंद दाराआड. म्हणजे मैदानावर दर आठवड्याला येणाऱ्या माणसाला आपल्या क्लबचं काय चाललंय ते ऐकायलाही बसता येत नव्हतं. २०१२ चा जानेवारी उजाडेपर्यंत ती चालली. आणि मग निकालाची वाट. याच काळात ग्लासगोत ज्यांनी आयुष्यात स्वतःचं विवरणपत्र भरलं नसेल, अशा माणसांच्या तोंडी ट्रस्ट, कर्ज, अपील हे शब्द बसले. ऑफसाइडवर भांडावं तसं लोक करकायद्यावर भांडू लागले.

वाट पाहण्यात एक गोष्ट घडते, ती खटल्यातल्या वकिलांना दिसत नाही. खटला उभा असलेलं घर कुणी विकत घेत नाही. मरे क्लब विकायला निघाले होते, पण ज्याच्या डोक्यावर कोट्यवधींचा कर कोसळेल की नाही हे माहीत नाही, असा क्लब घेणार कोण? शेवटी मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट नावाचे गृहस्थ पुढे आले. किंमत एक पौंड. मुख्य अट, बँकेचं १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज फेडायचं. त्यांनी ते फेडलंही. कशातून, ते नंतर बाहेर आलं. पुढच्या काही हंगामांची तिकिटं त्यांनी एका कंपनीला आगाऊ विकली होती. अजून न लावलेल्या उसाची उचल घ्यावी, तसं. चाहत्याने पुढे खिशातून काढायचे पैसे, त्यातूनच त्याचा क्लब विकत घेतला गेला.

आणि आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. सगळ्यांचं लक्ष मोठ्या खटल्याकडे लागलेलं असताना घाव दुसरीकडूनच पडला. नव्या मालकाच्या काळात कर्मचाऱ्यांच्या पगारातून कर कापला जात होता, पण सरकारजमा होत नव्हता. आपल्याकडच्या भाषेत, टीडीएस कापला आणि भरलाच नाही. व्हॅटसह ही थकबाकी सुमारे ९० लाख पौंडांवर गेली. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. लीगने दहा गुण कापले. त्यानंतरच्या शनिवारी किल्मार्नॉकविरुद्ध घरचा सामना होता. पन्नास हजारांच्या वर लोक आले. रेंजर्स ०-१ हरले.

ज्यांचं देणं होतं त्यांची यादी जाहीर झाली, तेव्हा ती मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात करखातं होतं, युरोपातले मोठे क्लब होते. आणि त्यांच्याबरोबर रुग्णवाहिका सेवा होती, कोपऱ्यावरचा पेपरवाला होता, आणि मुलांचे चेहरे रंगवणारी एक बाई होती. तिचं येणं ४० पौंड. दिवसभर लहान पोरांच्या गालांवर रंग लावायचा आणि पैशासाठी करखात्याच्या मागे रांगेत उभं राहायचं. कर चुकवणं कुणाचं नुकसान करतं असं कुणी विचारलं, की मला ट्रस्टवाले खेळाडू आठवत नाहीत, ही बाई आठवते.

ज्यांचं देणं होतं त्यांच्याशी तडजोड करून क्लब वाचवायचा प्रयत्न झाला. करखात्याने नकार दिला आणि जून २०१२ मध्ये जुनी कंपनी अवसायनात जाणार हे ठरलं. मैदान, नाव, मालमत्ता ५५ लाख पौंडांना एका नव्या कंपनीने घेतली. वरच्या लीगमधल्या बाकीच्या क्लबांनी तिला दार बंद केलं आणि तिला चौथ्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. हा क्लब जुनाच की नवा, हा प्रश्न ग्लासगोच्या टॅक्सीत चुकूनही काढू नये. रेंजर्सवाला म्हणेल, दुकान तेच, फक्त गुमास्ता लायसन्स नवं. सेल्टिकवाला म्हणेल, जुनं दुकान बुडालं, हे दुसरंच. मला विचाराल तर, कंपनी बुडते, पण रविवारी आजोबांबरोबर कुठल्या मैदानावर जायचं ते कंपनी कायदा ठरवत नाही. पण मी बाहेरचा माणूस, मला बोलायला काय जातं.

नव्या सुरुवातीचा पहिला सामना २९ जुलै २०१२ ला ब्रेचिन नावाच्या छोट्या गावात झाला. तिथल्या मैदानाच्या एका अंगाला प्रेक्षकांचा सज्जा नाही, झुडपांचं उंच कुंपण आहे. व्यवस्थित कातरलेलं, बंगल्याभोवती असतं तसं. युरोपच्या अंतिम सामन्यात खेळलेला क्लब त्या कुंपणाशेजारी जादा वेळेत कसाबसा २-१ जिंकला. पण तीनच आठवड्यांनी इब्रॉक्सवर चौथ्या श्रेणीचा सामना होता, ईस्ट स्टर्लिंगशरविरुद्ध, आणि त्याला ४९,११८ लोक आले.

आणि निकाल? तो लागला २० नोव्हेंबर २०१२ रोजी. दोन विरुद्ध एक मताने, क्लबच्या बाजूने! निकालपत्रात माणसांची खरी नावंही नव्हती, मिस्टर ब्लॅक, मिस्टर रेड अशी टोपणनावं. कोण कोण ते ओळखायचा खेळ गावभर चालला. ज्या कंपनीने खटला जिंकला ती तोवर अवसायकांच्या हवाली झालेली. रुग्ण दगावल्यावर रिपोर्ट नॉर्मल यावा, तसं. त्या दिवशी इब्रॉक्सच्या आसपास लोक हसले की रडले, हे मला अजून ठरवता येत नाही.

करखातं थांबलं नाही. २०१४ मध्ये वरच्या न्यायाधिकरणात पुन्हा हरलं. २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकलं. मग अवसायक सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जुलै २०१७ रोजी लंडनमध्ये एकमताने निकाल आला: पैसे तिसऱ्याच्या हाती दिले तरी ते कामाचा मोबदलाच, म्हणून कर लागणार. म्हणजे २०१२ मध्ये एकट्या पडलेल्या तिसऱ्या सदस्या, डॉ. हायडी पून, यांचाच कौल शेवटी टिकला. सुनावणी सुरू झाल्यापासून पावणेसात वर्षं झाली होती.

तोवर रेंजर्स पायऱ्या चढत वरच्या लीगमध्ये परतले होते आणि युरोपातही खेळत होते. निकालाच्या आदल्याच संध्याकाळी, ४ जुलैला, ते लक्झेंबर्गमध्ये प्रोग्रेस नीडरकॉर्न नावाच्या संघाकडून ०-२ हरून स्पर्धेबाहेर पडले. युरोपात त्याआधी एकही फेरी न जिंकलेला संघ! सामना संपल्यावर प्रशिक्षक पेद्रो कैशिन्या स्टेडियमबाहेर चिडलेल्या चाहत्यांची समजूत काढायला गेले, ते एका झुडपात उभे राहून हातवारे करत होते. तो फोटो सगळीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वोच्च न्यायालयाने निकाल वाचला. इब्रॉक्सचे चाहते मात्र झुडपातल्या त्या प्रशिक्षकाला काढायचं की ठेवायचं, यावर भांडत होते.

नमस्कार.