ऑलिंपिकच्या परंपरांचे वय

श्रोतेहो, उन्हाळी ऑलिंपिकच्या काही महिने आधी एक दृश्य आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. ग्रीसमधील ऑलिंपिया येथे हेरा देवीच्या मंदिराच्या भग्नावशेषांसमोर, प्राचीन पुजारिणींच्या वेशातील स्त्रिया अंतर्गोल आरशाने सूर्याचे किरण एकत्र करतात आणि त्यांवर मशाल पेटते. या वेळी समालोचकाच्या तोंडी ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द हमखास येतात. आजचे माझे व्याख्यान या तीन शब्दांपुरतेच आहे, कारण हा विधी १९३६ साली सुरू झाला. आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा त्याच्याहून वयाने मोठे होते.

प्राचीन ऑलिंपिकमध्ये काय होते, हे आधी पाहू. इसवी सनापूर्वी ७७६ हे त्या खेळांचे परंपरेने मानलेले पहिले वर्ष. पहिला नोंदलेला विजेता म्हणजे एलिस येथील कोरोइबोस, जो पेशाने आचारी होता असे प्राचीन लेखक सांगतात. सुरुवातीला शर्यत एकच होती, सुमारे १९२ मीटरची. त्या अंतराला ‘स्टॅडियन’ म्हणत आणि आपला ‘स्टेडियम’ हा शब्द त्यावरूनच आला. विजेत्याच्या डोक्यावर रानऑलिव्हच्या फांदीचा मुकुट चढे आणि दुसऱ्या क्रमांकाला काहीही मिळत नसे. हरणे म्हणजे हरणेच. मॅरेथॉन तिथे कधीच धावली गेली नाही. ऑलिंपियात हेस्टिया देवीच्या वेदीवर अग्नी तेवत असे हे खरे, पण मशाल घेऊन धावण्याच्या शर्यती अथेन्स नगरीच्या उत्सवांत होत.

फ्रान्सच्या पिएर द कुबेर्तां यांनी १८९४ साली पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात भरवलेल्या परिषदेत खेळांच्या पुनरुज्जीवनाचा ठराव झाला आणि दोन वर्षांनी अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिक भरले. खेळाडू होते सुमारे अडीचशे, सगळेच पुरुष. पहिल्या क्रमांकाला रौप्यपदक होते, सुवर्णपदक नव्हतेच. पाच वर्तुळे नव्हती, शपथ नव्हती, ज्योत नव्हती. मॅरेथॉन मात्र होती, कारण मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाला ग्रीक आख्यायिकेवरून ती कल्पना सुचली होती. ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस ती जिंकला आणि यजमान देशाने त्याला डोक्यावर घेतले. तिचे आजचे ४२.१९५ किलोमीटर अंतर मात्र १९०८ सालच्या लंडनमधले आहे. तेव्हा शर्यत विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या सज्जापर्यंत आखली गेली आणि १९२१ साली तेच अंतर प्रमाण ठरले. पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये शेवटच्या १९५ मीटरला ज्यांचे पाय गळून जातात, त्यांनी ब्रिटिश राजघराण्याला खुशाल बोल लावावा.

महायुद्धाने होरपळलेल्या बेल्जियममध्ये, अँटवर्प येथे, १९२० साली ऑलिंपिक भरले. पराभूत जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांना बोलावणेच नव्हते आणि नेमक्या याच खेळांत पाच खंडांच्या एकोप्याचा, कुबेर्तां यांनी युद्धापूर्वी रेखाटलेला पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकच्या मैदानावर पहिल्यांदा फडकला. ही विसंगती त्या वेळी फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही. खेळाडूंची शपथही तिथलीच. ती व्हिक्टर बोइन या बेल्जियन खेळाडूने घेतली. आपल्या दृष्टीने हे ऑलिंपिक आणखी एका कारणाने जवळचे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या स्पर्धेत अनवाणी धावणारे गावाकडचे धावपटू पाहिले आणि त्यांतून भारताचा पहिला संघ अँटवर्पला पाठवण्याचा खटाटोप केला. त्यात धावपटू आणि मल्ल होते आणि बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

त्या पहिल्या ध्वजाचीही एक कथा आहे. खेळ संपता संपता तो नाहीसा झाला. हॅल हेग प्रीस्ट या, पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेतील अमेरिकन खेळाडूने आपल्या सहकाऱ्याच्या पैजेखातर खांबावर चढून तो काढला होता आणि नंतर सुमारे ऐंशी वर्षे तो त्याच्या सामानात घडी घालून पडून होता. वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, २००० साली सिडनीत, त्याने तो परत केला.

१९२८ साली ॲमस्टरडॅमला स्टेडियमच्या मनोऱ्यावर प्रथमच ज्योत तेवत ठेवली गेली, परंतु ती कोणी दुरून धावत आणली नव्हती. संचलनात ग्रीस सर्वांत पुढे आणि यजमान देश सर्वांत मागे, हा क्रमही तिथलाच.

आता मशालीकडे येतो. ऑलिंपियाहून बर्लिनपर्यंत मशाल धावत नेण्याची कल्पना १९३६ च्या संयोजन समितीचे सचिव कार्ल डिम यांची. आरसे झाइस कंपनीचे होते आणि मशाली क्रुप या तोफा बनवणाऱ्या कारखान्याच्या. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया ओलांडून ती जर्मनीत आणली. हिटलरच्या राजवटीला या देखाव्यात स्वतःचे नाते प्राचीन ग्रीसशी जोडण्याची संधी दिसली आणि तिने ती पुरेपूर साधली. ज्या वाटेने मशाल गेली, त्या वाटेवरील बहुतेक देश पुढल्या काही वर्षांत एक तर जर्मन सैन्याने व्यापले किंवा जर्मनीच्या गोटात ओढले गेले. नकाशावर ती रेघ पुन्हा ओढून पाहताना माझे मन आजही अस्वस्थ होते. याच बर्लिनमध्ये, खेळांच्या निमित्ताने, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हेही इथे सांगायला हवे. पदकतालिकेत त्याची नोंद असण्याचे कारण नाही.

मग युद्धानंतर हा विधी टाकून का दिला नाही? १९४८ च्या लंडनने तो ठेवला, पण त्याचा आशय बदलला. ऑलिंपियाहून पहिली मशाल घेणारा ग्रीक सैनिक दिमित्रेलिस याने आधी शस्त्र खाली ठेवले, लष्करी गणवेश उतरवला आणि मगच तो धावू लागला. ग्रीसमध्ये त्या वेळी यादवी युद्ध पेटलेले होते, म्हणून त्या कृतीला वजन होते. १९६४ साली टोकियोत अखेरची मशाल योशिनोरी साकाई या तरुणाच्या हाती होती. त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४५ चा, हिरोशिमा प्रांतातला. माझ्या मते मशालीला आज जी प्रतिष्ठा आहे, ती ऑलिंपियापेक्षा या दोन माणसांमुळे अधिक आहे. विधी कोणी सुरू केला आणि पुढे तो कोणाचा झाला, ही उत्तरे वेगवेगळी असू शकतात. काही प्रथा मात्र मोडाव्याच लागतात. १९८८ साली सोलमध्ये शांतीची म्हणून सोडलेली कबुतरे ज्योतीच्या कुंडावर जाऊन बसली, कुंड पेटताच त्यांतली काही होरपळली, आणि पुढे जिवंत कबुतरांची जागा कागदी व इतर प्रतीकांनी घेतली.

शेवटची प्रथा समारोपाची. १९५६ साली मेलबर्नमध्ये जॉन विंग नावाच्या सतरा वर्षांच्या चिनी वंशाच्या ऑस्ट्रेलियन मुलाने, जो सुतारकाम शिकत होता, संयोजकांना पत्र लिहिले. समारोपाच्या वेळी खेळाडूंनी देशांच्या रांगा करून येऊ नये, सगळ्यांनी मिसळून चालावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी नुकताच चिरडला होता. ६ डिसेंबरला या दोन देशांच्या वॉटर पोलो सामन्यात मारामारी होऊन हंगेरीचा एर्विन झादोर रक्तबंबाळ चेहऱ्याने पाण्याबाहेर आला होता. ८ डिसेंबरला, अगदी आयत्या वेळी संमती मिळून, मैदानावर देशांच्या पाट्यांमागच्या रांगा नव्हत्या, सगळे खेळाडू एकत्र चालत आले. हंगेरीच्या पथकातील अनेकजण त्यानंतर मायदेशी परतले नाहीत.