लिनक्सवरचा गेम विकत कुणी घेतला?

(दृश्य : लिनक्सच्या कम्प्युटरवर एकात एक उघडत जाणारे फोल्डर. शेवटी ‘ड्राइव्ह सी’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम ३२’.)

या कम्प्युटरवर विंडोज नाही, तिच्याऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली आहे. तरी स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या फोल्डरमध्ये खोल शिरलं की हे सापडतं. विंडोजची सी ड्राइव्ह, तिच्यात सिस्टिम ३२, त्यात शेकडो डीएलएल फाइली, म्हणजे प्रोग्रामना लागणारा विंडोजचा तयार कोड. लिनक्सवरच्या स्टीममधून विंडोजचा एखादा गेम चालवला की त्या गेमपुरती अशी एक वेगळी सी ड्राइव्ह तयार होते. गेमला वाटतं, आपण विंडोजवरच आहोत.

या फाइलींची नावं विंडोजमधल्यासारखीच आहेत. आतला कोड मात्र मायक्रोसॉफ्टचा नाही. तो बहुतेक सगळा विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या प्रकल्पातल्या लोकांनी लिहिलाय. हे काम १९९३ साली सुरू झालं आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड ते सांभाळतायत. या प्रकल्पाचा एक कडक नियम आहे, आणि आजचा विषय, म्हणजे लिनक्सवर चोरून खेळले जाणारे गेम, मला त्या नियमापासूनच सुरू करायचा आहे. ज्यानं विंडोजचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, पाहिलाय, मग तो फुटून बाहेर आलेला का असेना, त्यानं वाइनमध्ये तसा कोड लिहायचा नाही. विंडोजची फाइल उलगडून आतल्या सूचना उतरवून घेणंही चालत नाही. मग करायचं काय? बाहेरून बघायचं. एखाद्या फंक्शनला, म्हणजे एक ठराविक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, अमुक दिलं तर ते परत काय देतं, हे छोटे छोटे प्रोग्राम लिहून तपासायचं आणि तसंच वागणारं फंक्शन आपल्या हातानं लिहायचं. शेजारच्याची उत्तरपत्रिका उघडी पडलेली असताना मान वर न करता गणित सोडवत बसावं, तसं हे काम तीस वर्षांहून जास्त काळ चाललंय.

आणि त्याच वाइनवर आज कुणीतरी टोरंटवरून उतरवलेला, क्रॅक केलेला, म्हणजे पैसे न देता चालावा म्हणून आतली तपासणी तोडलेला गेम चालवत असतो.

त्याला विचारलं तर उत्तर तयार असतं : कंपनी लिनक्ससाठी गेम काढतच नाही, मग मी तिला पैसे का द्यायचे? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं.

(दृश्य : गेमच्या जुन्या पुठ्ठ्याच्या पेट्या, सीडी, सोबतची माहितीपुस्तिका.)

कॅलिफोर्नियातल्या टस्टिन गावात १९९८ साली स्कॉट ड्रेकर यांनी लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. विंडोजवर गाजलेला गेम निवडायचा, मूळ कंपनीशी करार करायचा, गेम लिनक्सवर आणायचा आणि पेटीत घालून विकायचा, हा तिचा धंदा. १९९९ मध्ये ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ आला. पाठोपाठ ‘रेलरोड टायकून २’, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’, ‘सिमसिटी ३०००’ असे एकाहून एक गेम आले. ‘क्वेक ३ अरीना’चीही लिनक्सची वेगळी पेटी होती. पण क्वेकच्या बाबतीत आणखी एक सोय होती. विंडोजची पेटी घ्यायची आणि लिनक्सवर चालणारी फाइल क्वेक बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरकडून फुकट उतरवून घ्यायची. यात चोरी कसलीच नाही. तरी दुकानदाराच्या वहीत ती विक्री विंडोजच्या नावावर लागली. ऑगस्ट २००१ मध्ये लोकीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद झाली.

लोकी पायरसीनं बुडाली असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक थोडं होतं आणि खर्च मोठा होता. पण गिऱ्हाईक थोडं असतं तेव्हा एकेका विक्रीची नोंद कुठं लागते याला किती महत्त्व येतं, ते लोकीच्या हिशेबात दिसतं. विंडोजवर दहा लाख प्रती खपल्या आणि एक लाख चोरीला गेल्या, तर कंपनी चिडेल, पण पुढचा गेम विंडोजसाठीच काढेल. लिनक्सवर हजार जण खेळत असतील आणि त्यातल्या सहाशे जणांनी क्रॅक घेतला असेल, तर कंपनीच्या लेखी तिथं चारशेच माणसं राहतात. उरलेले सहाशे तिला दिसतच नाहीत. आणि मग तेच सहाशे जण विचारतात, आमच्यासाठी गेम का काढत नाही?

लोकीचं काम वाया गेलं नाही, हेही सांगायला हवं. तिथले मुख्य प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी, म्हणजे गेम लिहिणाऱ्यांना वापरता येणारा तयार कोड, आज असंख्य गेममध्ये वापरली जाते.

आता मे २०१० मध्ये येऊ. लिनक्सवाले फुकटे, त्यांना पैसे द्यायची सवयच नाही, असं तोवर सर्रास बोललं जायचं. वोल्फायर गेम्स या छोट्या कंपनीनं तेव्हा ‘हंबल इंडी बंडल’ काढलं. ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अक्वेरिया’, ‘गिश’, ‘लुगारू’, ‘पेनम्ब्रा ओव्हर्चर’ असे गेम एकत्र, आणि किंमत गिऱ्हाइकानं ठरवायची. एक सेंट दिला तरी चालेल. नक्कल रोखणारं कसलंही कुलूप नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालणार, आणि कोण सरासरी किती देतंय ते सगळ्यांना उघड दिसणार. विंडोजवाल्यांची सरासरी ८ डॉलरच्या आसपास राहिली. मॅकवाल्यांची १० च्या. लिनक्सवाल्यांनी सरासरी १४ डॉलरहून जास्त दिले.

हा आकडा मला आजही फार मोलाचा वाटतो. ज्यांना फुकटे म्हटलं जात होतं, त्यांनी कुणी बळजबरी करत नसताना सगळ्यात जास्त पैसे मोजले.

त्याच विक्रीत आणखी एक गोष्ट घडली. वोल्फायरच्याच अंदाजानं, एकूण डाउनलोडपैकी साधारण पाव भाग पैसे न देता झालेला होता. एक सेंटला मिळणारा गेमसुद्धा लोकांनी चोरला. ‘किंमत परवडत नाही’ हे कारण तिथं तरी लागू नव्हतं. वोल्फायरनं मात्र नंतर गेमना कुलूप लावलं नाही. त्यांचं म्हणणं, त्याचा जाच पैसे दिलेल्यांनाच होईल. एकूण जमा साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली, आणि ठरल्याप्रमाणे चार गेमचा सोर्स कोड खुला झाला.

(दृश्य : सीडी ड्राइव्हमध्ये सीडी सरकते. पडद्यावर ‘मूळ डिस्क घाला’ असा संदेश.)

कुलपांचा जाच म्हणजे काय, ते लिनक्सवाल्यांइतकं कुणी भोगलं नसेल. सेफडिस्क नावाचं संरक्षण शेकडो गेमच्या सीडींवर असायचं. ते विंडोजच्या अगदी तळाशी, कर्नल म्हणतात त्या गाभ्यात, स्वतःचा एक ड्रायव्हर बसवून सीडी तपासायचं. वाइनमध्ये विंडोजचा कर्नल नाहीच, त्यामुळं बरीच वर्षं हे गेम तिथं सुरूच व्हायचे नाहीत. पूर्ण पैसे देऊन घेतलेली मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे, आणि गेम म्हणतोय मूळ डिस्क घाला. अशा वेळी लोक सीडीची तपासणी काढून टाकणारा ‘नो-सीडी क्रॅक’ शोधायचे आणि खेळायचे. पुढं २०१५ मध्ये विंडोज १० नं तो ड्रायव्हर काढून टाकला, मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजवरही तो बंद केला, आणि विंडोजवाल्यांच्या मूळ सीडीही एका फटक्यात निकामी झाल्या.

माझं मत स्पष्ट आहे. गेम विकत घेतलेल्यानं आपल्याच सीडीसाठी क्रॅक वापरला, तर तो चोर नाही. त्यानं बनवणाऱ्याचे पैसे दिलेत. भारतीय कायद्याचा रोखही या बाबतीत बराच समजूतदार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ यात २०१२ साली कलम ६५-अ आलं. त्यात कुलूप तोडणं हा गुन्हा ठरतो तो हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं तर. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्यानं आपल्या प्रतीची राखीव नक्कल करावी, ती ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिच्यात बदल करावा, याला कलम ५२ मध्ये वाट ठेवलेली आहे. मात्र पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून कम्प्युटरवर वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब आहे, आणि त्यात सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड लिहिलाय. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावर सोडू शकतं.

आता आपल्याकडचं बघू. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला कम्प्युटर, त्यावर दुकानदारानंच टाकून दिलेलं विंडोज, आणि मित्राकडून आणलेल्या सीडीवरचे दहा-बारा गेम. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं कम्प्युटर शिकला तो असा. ओरिजिनल गेमची किंमत आणि घरातला पगार यांचा मेळच बसत नव्हता. दुकानात ओरिजिनल मिळेल याची खात्री नसायची. त्या पोरांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण ती परिस्थिती आता उरलेली नाही. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, यूपीआयनं पैसे देता येतात, वर्षातून काही वेळा मोठे सेल लागतात. लिनक्सवाल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर गेम परत करता येतो. ‘लिनक्सवर चालतोय का बघायला क्रॅक उतरवला’ हे कारण त्यामुळं निकालात निघतं. नवा मोठा गेम आजही तीन-चार हजारांना पडतो, आणि कॉलेजच्या मुलासाठी ती रक्कम मोठीच आहे. पण तो गेम आजच्या आजच खेळायला हवा असं काही नाही.

क्रॅकचा आणखी एक धोका लिनक्सवर फार कमी लोकांच्या लक्षात येतो. वाइन लावलं की सी ड्राइव्हबरोबर एक झेड ड्राइव्हही तयार होते.

(दृश्य : फाइलींच्या यादीत झेड ड्राइव्ह. आत ‘होम’, त्यात फोटो, कागदपत्रं.)

ही झेड म्हणजे तुमची सगळी लिनक्सची फाइल व्यवस्था. विंडोजचा प्रोग्राम वाइनमध्ये चालवला म्हणजे तो कोंडून ठेवला, असं होत नाही. ज्या फाइलींना तुम्ही हात लावू शकता, त्यांना तोही लावू शकतो. अनोळखी माणसानं बांधून दिलेल्या ‘रिपॅक’मध्ये फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस असेल, तर घरातले फोटो त्याच्या हातात आहेत. लिनक्सवर व्हायरस चालत नाहीत या भरवशावर इथं राहू नका.

यानंतरची हकिकत गेल्या काही वर्षांतली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं प्रोटॉन आणलं. वाइन, त्यावर फिलिप रेबोले यांनी लिहिलेलं डीएक्सव्हीके, म्हणजे विंडोजच्या डायरेक्ट थ्रीडी या ग्राफिक्सच्या भाषेतल्या सूचना लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारा थर, आणि हे सगळं स्टीममध्येच बसवलेलं. व्हॉल्व्हनं तेव्हाच जाहीर केलं की प्रोटॉनवर खेळल्या गेलेल्या गेमची विक्री लिनक्सच्या नावावर धरली जाईल. लोकीच्या वेळी जी नोंद चुकीच्या रकान्यात पडायची, ती आता योग्य रकान्यात पडते. २०२२ मध्ये लिनक्सवरच चालणारा स्टीम डेक हा व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा कम्प्युटर आला, आणि ज्या कंपन्यांनी लिनक्सचा कधी विचारही केला नव्हता त्या आपला गेम डेकवर चालतो का ते तपासायला लागल्या. हे झालं ते पैसे देऊन खेळणाऱ्यांमुळं आणि रात्री जागवून कोड लिहिणाऱ्यांमुळं.

दुसरी बाजूही बोलायलाच हवी. ऑनलाइन गेममध्ये लबाडी रोखणारे ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे प्रोग्राम २०२१ मध्ये प्रोटॉनवर चालायला लागले, पण ते चालू करायचे की नाही हे गेमच्या कंपनीनं ठरवायचं. काहींनी केले. ‘एपेक्स लेजंड्स’नं केले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सचा दरवाजा पुन्हा लावून घेतला. लबाडी करणारे लिनक्सच्या आडून येतात, हे कंपनीचं कारण. त्यात तथ्य असेलही. पण त्या गेममध्ये ज्यांनी पोशाखांवर नि हत्यारांच्या सजावटीवर खरे पैसे खर्च केले होते, त्यांचं काय? गिऱ्हाइकानं न दिलेला एक रुपया म्हणजे चोरी, तर पैसे घेऊन नंतर सेवा काढून घेण्यालाही तितकंच स्पष्ट नाव असायला हवं.

तरीही मी क्रॅकच्या बाजूला जाणार नाही, आणि त्याचं कारण आपल्याच घरातलं आहे. लिनक्सचा कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे. कोड वापरा, बदला, पण पुढं वाटलात तर सोर्स कोडही द्या, अशी त्याची अट. जीपीएल उभा आहे तो कॉपीराइटवरच. २००४ साली लिनक्सचे एक प्रोग्रामर हेराल्ड वेल्टे यांनी म्युनिकच्या न्यायालयात सिटेकॉम या कंपनीविरुद्ध दाद मागितली. तिनं आपल्या राउटरमध्ये लिनक्सचा नेटफिल्टरचा, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा गाळणारा, कोड वापरला होता आणि परवान्याच्या अटी पाळल्या नव्हत्या. न्यायालयानं वेल्टे यांची बाजू उचलून धरली. लिहिणाऱ्याचा शब्द पाळला पाहिजे, एवढ्या एकाच गोष्टीवर तो निकाल टिकला. आपला कोड कंपनीनं अटी मोडून वापरला की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. गेम लिहिणाऱ्याची अट मोडताना मग आपल्याला वेगळा न्याय लावता येत नाही.

म्हणून गेम लिनक्सवर चालला नाही तर सरळ पैसे परत मागा. स्टीमच्या परताव्याच्या अर्जात कारण लिहायला एक चौकट असते. ती रिकामी सोडू नका, कारण तिथला मजकूर गेम बनवणाऱ्यांना दिसतो. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणता, प्रोटॉनची आवृत्ती कुठली, ग्राफिक्स कार्ड कोणतं आणि गेम नेमका कुठं अडला, एवढ्या चार गोष्टी तिथं लिहा.